भरवशाची मोटार

गेल्या वर्षी माझ्या कचेरीतील एका तरुण अधिकाऱ्याने एक कागद माझ्यापुढे ठेवला. एखाद्या फाईलीतला असेल म्हणून मी चष्मा पुसून पाहू लागलो, तर तो त्याचा खाजगी तक्ता निघाला. डाव्या बाजूस बारा मोटारींची नावे आणि प्रत्येकीपुढे किंमत, लिटरला पडणारे किलोमीटर, एअरबॅगा, सामानाची जागा, देखभालीचा वार्षिक खर्च असे नऊ रकाने. हा गृहस्थ राहतो मानेसरला आणि कचेरी मध्य दिल्लीत. म्हणजे जाऊन-येऊन रोजची नव्वद-शंभर किलोमीटरांची रपेट. घरात पत्नी, दोन मुले आणि आजारी आई. आईला आठवड्यातून दोनदा दिल्लीतील रुग्णालयात न्यावे लागते, त्यामुळे मेट्रोचा उपाय सुचवून मोकळे होण्याची सोय मला नव्हती. "सर, पैसे एकदाच घालता येतील. यांतली भरवशाची कोणती, तेवढे सांगा," तो म्हणाला.

मला यंत्रांतले फारसे कळत नाही. इतिहास घेऊन एम. ए. झालो आणि नंतरची वीस वर्षे टिप्पण्या लिहिण्यात गेली. परंतु तो तक्ता पाहताना मला प्रथम जाणवली ती त्यातील नावांची संख्या. माझ्या वडिलांनी तरुणपणी असा तक्ता केला असता, तर त्यात जेमतेम तीन ओळी भरल्या असत्या. श्रोतेहो, रोजच्या लांबच्या वाटेसाठी कुटुंबाने मोटार कोणती घ्यावी, हा प्रश्न आपल्या देशात फार जुना नाही. त्याआधी दीर्घकाळ लोक निराळाच प्रश्न विचारीत असत : कोणती मिळेल आणि केव्हा मिळेल?

गंमत अशी की, त्याही आधी परिस्थिती याच्या उलट होती. जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने मुंबईत शिवडी येथे १९२८ साली परदेशी सुटे भाग जोडून मोटारी तयार करण्याचा कारखाना काढला. फोर्डनेही पुढे तसेच केले. विलायतेहून ऑस्टिन व मॉरिस येत होत्या. १९३८ सालच्या मुंबईतील एखाद्या सधन वकिलापुढे मोटारींची जेवढी विविधता होती, तेवढी १९६८ साली त्याच्या मुलापुढे राहिली नव्हती. अर्थात त्या वकिलाला ती मोटार स्वतः चालवावी लागत नसे, आणि त्याची कचेरीही पन्नास किलोमीटरांवर नसे. मोटार हे वैभव होते. वैभवाकडून भरवशाची अपेक्षा कोणी करीत नाही.

देशात मोटार घडविण्याची खटपट मात्र तेव्हाच चालू झाली होती. सर विश्वेश्वरय्यांनी मुंबईत मोटारींचा कारखाना काढण्याची योजना आखली. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने तिला अनुकूलता दर्शविली. हिंदुस्थान सरकारने साथ दिली नाही. तोच धागा सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी सोडला नाही. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापली व कुर्ल्याचा कारखाना उभा राहिला. त्याआधी दोन वर्षे, १९४२ साली, बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स गुजरातेत ओखा बंदरी निघाली होती. ती १९४८ साली कलकत्त्याजवळ उत्तरपाड्यास गेली. त्याच वर्षी मद्रासेत स्टँडर्ड कंपनीचा पाया घातला गेला. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास, अशी ही तीन बंदरांची तीन अपत्ये.

१९५३ साली टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने ठरविले की, ज्यांना मोटार येथेच घडवावयाची आहे त्यांनीच या धंद्यात राहावे. नुसती जुळणी करणाऱ्यांनी निघावे. जनरल मोटर्स व फोर्ड निघून गेल्या. मैदानात उरल्या त्या तीन कंपन्यांच्या तीन कुटुंबवत्सल मोटारी. उत्तरपाड्याची अँबॅसडर १९५७ साली आली. ती वास्तविक विलायतेतील मॉरिस ऑक्सफर्ड. कुर्ल्याची फियाट ११०० ही इटलीची. तिच्या पहिल्या गोलमटोल अवताराला मुंबईकरांनी 'डुक्कर फियाट' म्हणून नाव ठेवले आणि ते इतके प्रेमाने घेतले की, त्यात कोणाला अपमान वाटला नाही. पुढे १९७० नंतर तिचेच नाव पद्मिनी झाले. मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड १९६१ सालची. इंजिनांचे आकार पाहिले तरी तिघींचे स्वभाव कळतात : अँबॅसडर १४८९ घनसेंटिमीटर, फियाट १०८९ आणि हेरल्ड ९४८.

यांपैकी एखादी निवडण्याचे स्वातंत्र्य कागदावर सर्वांना होते. प्रत्यक्षात पैसे भरावयाचे, नाव नोंदवावयाचे आणि वर्षानुवर्षे वाट पाहावयाची. सत्तरच्या दशकात साऱ्या देशात मिळून वर्षाला तीस हजारांच्या आसपास मोटारी तयार होत. १९६९ साली सरकारने त्यांच्या किमतींवर कायदेशीर नियंत्रण आणले आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. नियंत्रित किंमत आणि लांबलचक रांग यांचा संयोग झाला की जे होते तेच झाले : दोन वर्षे वापरलेली मोटार नव्या मोटारीपेक्षा महाग विकली जाऊ लागली. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे उदाहरण फार उपयोगी आहे. मोटारीची गरज असलेल्या माणसाला ते तितकेसे विनोदी वाटत नसे.

मग भरवशाची कोणती, हे लोक ठरवीत तरी कसे? बहुधा टॅक्सीवाल्यांना विचारून. दिवसभर आणि रात्रपाळीतही जी गाडी चालते ती आपली रोजची रपेट सहन करील, हा हिशेब सरळ होता. मुंबईचा टॅक्सीवाला फियाटची शिफारस करी, कलकत्त्याचा अँबॅसडरची. दोघेही प्रामाणिक होते. ज्याच्या शहराजवळ जो कारखाना, त्याला त्या मोटारीचे भाग लवकर मिळत. खडबडीत रस्ते, मोठे कुटुंब व भरपूर सामान असेल त्याने अँबॅसडर घ्यावी, कारण तिची बांधणी दणकट आणि मागची बैठक म्हणजे ओसरीच. शहरात वळावयाचे-थांबावयाचे असेल आणि पेट्रोलचा खर्च डोळ्यांत भरत असेल त्याने फियाट घ्यावी, असा एक सर्वमान्य दंडक होता. १९७३ साली तेलाचे संकट येऊन पेट्रोल कडाडले, तेव्हा फियाटवाल्यांचे पारडे आणखी जड झाले. हेरल्ड देखणी होती व चिंचोळ्या गल्लीत सहज वळे. परंतु मद्रासपासून जसजसे दूर जावे तसतशी तिची वास्तपुस्त करणारी माणसे विरळ होत जात. पहिल्या दोघींत गिअरचा दांडा चक्राच्या बाजूस असे आणि पुढची बैठक सलग बाकासारखी. त्यामुळे पुढे तिघे, मागे चौघे आणि कोणाच्या तरी मांडीवर एक मूल, असे कुटुंब सुखाने मावे. त्या बाकावर उभे राहून समोरच्या काचेला नाक लावणाऱ्या मुलाचे एकाएकी ब्रेक लागल्यास काय होईल, हा प्रश्न भरवशाच्या चर्चेत कधी निघतच नसे. निघावयास हवा होता.

येथे मला माझ्या घरची हकीकत सांगितली पाहिजे. आम्ही मिरजेचे. वडील सांगलीच्या वालचंद महाविद्यालयातून अभियंता होऊन बाहेर पडले. १९८४ साली त्यांना काम मिळाले ते कोल्हापूरच्या पलीकडे. मिरजेहून निघालेली रेल्वे कोल्हापुरास संपते आणि वडिलांचे काम तेथून पुढे सुरू होई. बिऱ्हाड हलवावे तर आजी अंथरुणाला खिळलेली. तिचे डॉक्टर मिरजेत, आणि घर सोडण्याची गोष्ट काढली की ती भिंतीकडे तोंड करून निजे. तेव्हा वडिलांनी एक जुनी मोटार घेतली आणि अकरा वर्षे रोज सव्वाशे-दीडशे किलोमीटर चालविली. मोटारीचे नाव सांगत नाही. नाव घेतले की दोषही त्या नावावर जमा होतील, आणि त्यांतले निम्मे दोष आधीच्या मालकाचे होते.

त्या मोटारीच्या डिकीत सामानासाठी जागा फारशी नसे, कारण तेथे वडिलांचा संसार असे. पान्यांची पिशवी, पक्कड, जादा फॅनबेल्ट, दोन प्लग, पाण्याचा डबा, सुतळी आणि कपडे धुण्याच्या साबणाची एक वडी. पेट्रोलची टाकी पाझरू लागली तर ती वडी चोळून भोक बुजवावयाचे. एप्रिल-मे महिन्यांत इंजिनाच्या उष्णतेने नळीतच पेट्रोलची वाफ होई आणि गाडी अडून बसे. तेव्हा पेट्रोलच्या पंपावर ओले फडके टाकून, आंब्याच्या सावलीत विडी ओढण्याइतका वेळ थांबावयाचे. वडील विडी ओढीत नसत, पण थांबत मात्र तेवढेच. रात्री मोटार घरापाशी न लावता वरच्या अंगाला, उतारावर लावीत. सकाळी बॅटरीने दगा दिला तर ढकलण्यास माणसे शोधावी लागू नयेत, ही त्यातली दूरदृष्टी. तेवढ्यानेही भागले नाही तर हँडल होतेच. 'भरवशाच्या म्हशीला टोणगा' ही म्हण आमच्या घरी त्या मोटारीला उद्देशून अनेकदा वापरली गेली, परंतु वडिलांसमोर नव्हे.

१९८९ सालच्या जुलैतली एक संध्याकाळ मला अजून आठवते. शाळेला सुट्टी होती म्हणून वडिलांनी मला बरोबर नेले होते. दुपारी कामावर निरोप आला की, आजीचे लक्षण ठीक नाही. आम्ही निघालो. कोल्हापूर सोडले तोच पाऊस कोसळू लागला आणि हातकणंगल्याच्या अलीकडे इंजिन दोनदा उचकी देऊन बंद पडले. वडिलांनी डिस्ट्रिब्यूटरचे झाकण काढून रुमालाने कोरडे केले. उपयोग झाला नाही. एका ट्रकवाल्याने दोराने ओढून आम्हांला गावात आणले. तेथे पत्र्याच्या छपराखाली एक वृद्ध मिस्त्री होते. सारे त्यांना उस्ताद म्हणत. त्यांनी मोटारीचे नावगाव विचारले नाही. कान लावून दोनदा स्टार्टर फिरवावयास सांगितला आणि म्हणाले, "कंडेन्सर गेला, साहेब." आमच्या मोटारीचा कंडेन्सर त्यांच्याकडे नव्हता. त्यांनी एका जीपचा काढला, त्याचा पत्रा कानशीने घासून बसविला, पॉइंटमधले अंतर पोस्टकार्डाचा तुकडा घालून जुळविले. कंदिलाच्या उजेडात चाललेल्या या शस्त्रक्रियेला पाऊण तासही लागला नाही. त्यांनी बारा रुपये घेतले आणि मला गुळाचा चहा पाजला. अंकलीच्या पुलावरून जाताना खाली कृष्णा दुथडी भरून वाहत होती आणि वडील एक शब्द बोलत नव्हते. आम्ही नऊच्या सुमारास घरी पोहोचलो. कोपऱ्यावर मोटारीचा आवाज येताच आजी म्हणाली होती, "आला." तिला त्या मोटारीचा आवाज ओळखता येई. पहाटे ती गेली. जीपचा तो कंडेन्सर मात्र मोटार विकेपर्यंत त्याच जागी राहिला.

पुढे इतिहास वाचताना मला त्या छपराखालच्या पाऊण तासाचे स्पष्टीकरण सापडले. संरक्षित बाजारपेठेत मक्तेदारी माजली, तीच ती जुनी मोटार लोकांच्या गळ्यात मारली गेली, हा त्या काळावरचा आरोप खरा आहे. अँबॅसडरचा हॉर्न सोडून बाकी सर्व वाजते, हा विनोद साऱ्या देशात चालत होता, तो उगीच नव्हे. परंतु तीच मोटार तीस-चाळीस वर्षे न बदलता चालू राहिल्यामुळे तिचा प्रत्येक खिळा तालुक्याच्या गावी ठाऊक झाला होता. सुटे भाग किराणा मालासारखे मिळत. उस्तादाच्या हाताखालचा पोरगा बारा वर्षांचा असताना जे इंजिन उघडून पाही, तेच तो पन्नाशीत स्वतः उस्ताद झाल्यावरही उघडी. मोटार बिघडणार हे गृहीतच होते. बिघडल्यावर ती जेथे असेल तेथे नीट होईल, यालाच लोक भरवसा म्हणत. ज्या स्थितिशीलतेने ग्राहकाला नाडले तिनेच रस्त्यावर त्याला तारले. याचा अर्थ तो काळ चांगला होता असे मी म्हणत नाही. एका आजारी म्हातारीच्या उशाशी वेळेवर पोहोचणे हे हातकणंगल्यास उस्ताद घरी असण्यावर अवलंबून असावे, ही व्यवस्था म्हणून शोचनीयच गोष्ट आहे.

या अर्थाला पहिला धक्का बसला तो १४ डिसेंबर १९८३ रोजी. त्या दिवशी पंतप्रधान इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० च्या किल्ल्या तिच्या मालकाला देण्यात आल्या. स्वस्त लहान मोटारीची कल्पना तशी जुनी. १९६० च्या सुमारास एल. के. झा यांच्या समितीने तिची शिफारस केली होती आणि नंतर दोन दशके ती समित्यांमधून फिरत राहिली. संजय गांधींची १९७१ सालची कंपनी बुडाल्यावर सरकारने ती ताब्यात घेतली, १९८१ साली मारुती उद्योग ही नवी कंपनी स्थापिली आणि पुढल्या वर्षी जपानच्या सुझुकीशी करार केला. व्ही. कृष्णमूर्ती आणि आर. सी. भार्गव यांनी कारखाना उभारला. भार्गव हे माझ्यासारखेच सनदी नोकर. उसनवारीवर मारुतीत गेले आणि परत फाईलींकडे आले नाहीत. आमच्या वर्गात त्यांचे नाव निघाले की, कौतुक आणि मत्सर यांचे प्रमाण ठरविणे कठीण जाते.

ती मोटार ७९६ घनसेंटिमीटरांची, तीन सिलिंडरांची, वजनाने साडेसहाशे किलोच्या आसपास. अँबॅसडरचे वजन अकराशे किलोंहून अधिक. जुन्या मिस्त्रींनी तिला डबा म्हटले, खेळणे म्हटले. मिरजेत आमच्या शेजाऱ्यांकडे ती १९८७ साली आली तेव्हा वडिलांनी तिच्या दारावर बोटाने टिचकी मारली आणि काही न बोलता मान हलविली. पण नंतर कित्येक दिवस मी त्यांना सकाळी गॅलरीत उभे राहिलेले पाही. शेजारचे गृहस्थ यावयाचे, किल्ली फिरवावयाचे आणि निघून जावयाचे. हँडल नाही, उतार नाही, कोणाला हाक मारणे नाही. रोज. वडिलांना त्या मोटारीचा हेवा वाटला असेल तर तो तिच्या वेगाचा किंवा रूपाचा नव्हता. सकाळच्या त्या एका किल्लीचा होता.

सुझुकीने मोटारीबरोबर आणखी एक गोष्ट आणली. भाग पुरविणाऱ्या लहान कारखानदारांकडून ठराविक मापाचाच माल घ्यावयाचा, शंभरावा नग पहिल्यासारखाच असला पाहिजे, हा आग्रह. जीपचा कंडेन्सर घासून बसविण्याची पाळीच येऊ नये, अशी ती शिस्त होती. गुरगावच्या रस्त्याने रोज दिल्लीत येणाऱ्या मध्यमवर्गीय माणसाला प्रथमच असे वाटू लागले की, मोटार उघडून पाहण्याची आवश्यकता नाही. ही मोटार तीस वर्षे चालली आणि पंचवीस लाखांहून अधिक खपली. जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले व त्याच वर्षी मे महिन्यात उत्तरपाड्याची अँबॅसडरही बंद पडली. उण्यापुऱ्या चार महिन्यांच्या अंतराने दोघी गेल्या. मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, तेव्हा ज्यांनी कधी टॅक्सीत पाय ठेवला नव्हता त्यांनीही वर्तमानपत्रांतून अश्रू ढाळले.

१९९३ साली मोटारींच्या उत्पादनावरील परवान्याचे बंधन गेले आणि परदेशी कंपन्यांची रीघ लागली. त्या गर्दीतील एकाच मोटारीविषयी थांबून बोलावेसे वाटते. १९९८ सालची पुण्याची इंडिका. रतन टाटांनी तिचे वर्णन फार नेमके केले होते : मारुती झेनएवढा आकार, अँबॅसडरएवढी आतली जागा, ८०० च्या जवळपास किंमत आणि डिझेलचा खर्च. आपल्या कुटुंबाला मोटारीकडून काय हवे असते, याची एवढी थोडक्यात नोंद मला कोणत्याही सरकारी अहवालात आढळलेली नाही. सुरुवातीच्या इंडिकांविषयी तक्रारी पुष्कळ आल्या. कारखान्याने त्या मनावर घेऊन २००१ साली सुधारलेली आवृत्ती काढली. ती पुढे गावोगावच्या भाड्याच्या गाड्यांत सर्रास दिसू लागली, आणि लोकांनी पुन्हा एकदा जुन्या रीतीने टॅक्सीवाल्याला विचारून मोटार घेतली.

माझ्या तरुण सहकाऱ्याला मी यातले बरेचसे ऐकविले. त्याने शांतपणे ऐकले; वरिष्ठांचे ऐकण्याची त्याला सवय आहे. मग मी त्याला तक्त्यात दोन रकाने वाढविण्यास सांगितले. कंपनीचे दुरुस्तीचे ठिकाण घरापासून किती दूर, हा एक. आणि ही मोटार बाजारात येऊन किती वर्षे झाली, हा दुसरा. पहिल्याच वर्षाची मोटार घेणारा माणूस कारखान्याला फुकट शिकवीत असतो. एअरबॅगांचा आणि टकरीच्या चाचणीचा रकाना त्याने आपणहून ठेवला होता, त्याबद्दल मी त्याची पाठ थोपटली. आमच्या बाकावर उभी राहिलेली मुले मला आठवली. पेट्रोल, सीएनजी की वीज, या वादात मात्र मी पडलो नाही. शंभर किलोमीटरांची ठरलेली वाट आणि रात्री घरी चार्ज करण्याची सोय असेल तर विजेचा हिशेब बसतो, पण त्याच्या इमारतीतील मंडळी ती सोय करू देईनात. तेव्हा तो प्रश्न परस्परच मिटला.

दोन महिन्यांनी तो नवी मोटार घेऊन आईसह आमच्याकडे आला. कोणती, ते येथे महत्त्वाचे नाही. बाजारात पाच वर्षे मुरलेली आहे आणि दुरुस्तीचे ठिकाण त्याच्या घरापासून तीन किलोमीटरांवर आहे. मी सवयीने डिकी उघडून पाहिली. आत चाक उचलण्याचा जॅक, एक पाना आणि त्रिकोणी फलक, एवढेच. पुढचे झाकण उघडले तर काळ्या प्लॅस्टिकच्या आवरणाखाली इंजिन झाकलेले. बोट घालावयास जागा नाही. त्याची आई काठी टेकीत मोटारीला एक प्रदक्षिणा घालून पुढे आली, वाकून नंबराच्या पाटीच्या वरखाली निरखून पाहिले आणि मला विचारले, "भाऊ, ह्याला हँडल कुठून लावायचं?"